डोडो मूर्ख नव्हता. त्याच्या बेटावर कोण नव्हतं ते बघा

नमस्कार. तुमच्या प्रश्नाला चार ओळींत उत्तर देता आलं असतं, पण अर्ध्या ओळी खोट्या ठरल्या असत्या. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुम्ही म्हणता, दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला चालला आहात. टूरवाल्यांनी पाठवलेल्या व्हिडिओत सांगितलंय की डोडो इतका मूर्ख होता की खलाशांसमोर आपणहून चालत यायचा, आणि त्यांनी तो खाऊन संपवला. त्यावर तुमच्या नऊ वर्षांच्या लेकीने तीन प्रश्न काढले. ज्वालामुखीतून वर आलेल्या बेटावर प्राणी आले कुठून? तिथलेच एवढे चमत्कारिक का? आणि डोडो मूर्ख होता, तर तोवर जगला कसा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला हवी आहेत, तिसरा तुम्ही ‘पोरीचा खोडसाळपणा’ म्हणून सोडून दिलाय. खरी मेख तिसऱ्यातच आहे.

मी मूळची वाईची. सह्याद्रीत काही वर्षं झाडांची कामं केली, मग मॉरिशसच्या रानात अकरा वर्षं काढली. काम ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात तण उपटणं, सापळे तपासणं, घरट्यांखाली उभं राहून मान मोडणं आणि वहीत आकडे भरणं. तेव्हा हे उत्तर हातात चिखल घेऊन दिलेलं आहे असं समजा.

आधी बेटाबद्दल. विमानतळावरून बाहेर पडलात की उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील. शेतं साफ करताना काढलेले दगड. माझ्या पहिल्या दिवशी ते बघून मला क्षणभर आपण साताऱ्याकडेच उतरलो की काय असं वाटलं होतं, आणि त्या वाटण्यात तथ्य आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपलं भूखंड पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावरून सरकत होतं. तेव्हा जो लाव्हा वाहिला त्याचाच आपला दख्खनचा कातळ झाला. भूखंड उत्तरेला निघून गेलं, खालची आग जागेवरच राहिली. त्या आगीने मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस यांच्या खालचे समुद्रातले डोंगर उभे केले. पुढे सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं, आणि त्यानंतर शेजारचं रेयुनियाँ, जिथला ज्वालामुखी आजही जवळजवळ दरवर्षी लाव्हा ओकतो. चूल तीच, वरचा तवा सरकत गेला. गंगा तलाव बघायला जालच. तो थंड झालेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेल्या पाण्याचा तलाव आहे.

या सगळ्यात लेकीसाठी महत्त्वाची गोष्ट एवढीच: मॉरिशस कधीही कुठल्या मोठ्या भूमीला चिकटलेलं नव्हतं. श्रीलंका किंवा मुंबईची बेटं यांच्यासारखं ते नाही. तिथे पायी कोणीच आलं नाही. जे आलं ते उडत, तरंगत, वाऱ्यावर किंवा दुसऱ्याच्या पोटात.

तरंगत म्हणजे काय, तर २००४ च्या डिसेंबरात टांझानियाच्या किनाऱ्यावर एक महाकाय कासव समुद्रातून चालत वर आलं. जमिनीवरचं कासव, समुद्रातलं नव्हे. पायांना आणि अंगाला शिंपल्यांसारखे बारनॅकल चिकटलेले, अंगाने खंगलेलं, पण जिवंत. सातशे किलोमीटरहून लांबच्या अल्डाब्रा बेटावरून ते वाहत आलं असावं असा तर्क आहे. कासवाला आठवडेच्या आठवडे अन्नपाणी लागत नाही, अंगातल्या हवेमुळे ते बुडत नाही. लाखो वर्षांत असं एखादं पोटुशी कासव योग्य किनाऱ्याला लागलं की झालं, वंश सुरू. पालींची अंडी कठीण कवचाची आणि ओंडक्याला घट्ट चिकटलेली असतात. वादळात उन्मळून समुद्रात गेलेलं झाड त्यांची होडी होते. वटवाघळं उडत आली. बेडूक मात्र आला नाही, त्याच्या ओल्या कातडीला खारं पाणी सोसत नाही. मॉरिशसमध्ये आज बेडूक ऐकू येतो, पण तो माणसाने नेलेला.

आता लेकीला एक यादी करायला सांगा: कोण आलं नाही? वाघ, बिबट्या, कोल्हा, मांजर, मुंगूस, उंदीर, डुक्कर, माकड, हरीण, गाय, शेळी, ससा. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथे मूळचा नाही. या न आलेल्यांच्या यादीतच त्या चमत्कारिकपणाचं उत्तर आहे.

गवत, पाला खायला हरीण नव्हतं, तेव्हा ती जागा कासवांनी घेतली. फळं गिळून बिया लांब टाकायला माकडं नव्हती, ते काम वटवाघळं, पोपट, कबुतरं आणि पुन्हा कासवं यांनी वाटून घेतलं. फुलांवर येणारे कीटक कमी, तर काही फुलांनी चक्क पालीशी संधान बांधलं.

हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून थोडं थांबते. ल पेत्रँ नावाचं एक दलदलीचं, बुटक्या झाडांचं रान आहे. तिथे केवड्याच्या जातभाईंची दाट बेटं आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला त्रोकेशिया नावाचं झुडूप, आपल्या जास्वंदीच्या कुळातलं. फूल लालसर, खाली मान घातलेलं, आणि आतला मध पिवळा-नारिंगी. जगातल्या बहुतेक फुलांतला मध पाण्यासारखा बिनरंगी असतो. मॉरिशसच्या दोन-चार फुलांचा मात्र रंगीत. त्या सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. केवड्याच्या काटेरी पानांच्या खोबणीतून एक पाल बाहेर आली. पोपटी हिरवं अंग, पाठीवर लाल ठिपके, शेपटीकडे निळी झाक. दिवसाढवळ्या. ती झुडपावर चढली, फुलाच्या कडेला पुढचे पाय रोवले, डोकं पार आत घातलं आणि लपालपा मध चाटायला लागली. बाहेर आली तेव्हा तिचा गळा परागाने पिवळा झाला होता. मग पुढचं फूल. पाल अंगावर पडली की आंघोळ घालणाऱ्या घरात मी वाढलेय. तिथे वहीत ‘पाल, फूल क्र. ३, चौदा सेकंद’ असं लिहिताना आजी आठवली. केवड्याच्या जवळच्या त्रोकेशियावर पाली जास्त येतात, लांबच्यावर कमी, कारण ससाण्याच्या भीतीने पाल लपण्याच्या जागेपासून फार दूर जात नाही. म्हणजे हे झुडूप वाचवायचं तर आधी केवडा वाचवायला लागतो.

आता डोडो. तो कबुतर होता. हे मी गमतीने म्हणत नाही. २००२ मध्ये त्याच्या जुन्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास झाला, आणि आज जिवंत असलेल्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला निकोबारी कबुतर. आपल्या अंदमान-निकोबारमधलं, हिरव्या-तांबूस झळाळीचं, मानेवर लांब पिसं असलेलं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की डोडो आणि रॉड्रिग्ज बेटावरचा त्याचा चुलतभाऊ सॉलिटेअर यांची फाटाफूट मॉरिशस जन्माला येण्याच्याही कितीतरी आधी झाली होती. पक्षी बेटापेक्षा जुना! हे कसं, तर त्याच चुलीवर आधी तयार झालेली आणि आता समुद्राखाली गेलेली बेटं होती. त्यांच्यावरून टप्प्याटप्प्याने पूर्वज पुढे आले असावेत.

कबुतर उडायचं का थांबलं? उडणं फार महाग असतं. छातीचे मोठे स्नायू सांभाळायला रोज खावं लागतं. मागे लागणारं कोणी नाही, अन्न जमिनीवर पडलेलं, आणि वर्षातला काही काळ चक्रीवादळांचा आणि टंचाईचा. अशा ठिकाणी जो पंखांवर कमी आणि अंगातल्या साठ्यावर जास्त खर्च करतो, तो टिकतो. हाडांच्या सूक्ष्म रचनेवरून काढलेला निष्कर्ष असा की डोडोची विण ऑगस्टच्या आसपास सुरू होई आणि पिल्लं झपाट्याने वाढून वादळांच्या मोसमाआधी बऱ्यापैकी मोठी होत. वेळापत्रक इतकं चोख बसवणाऱ्याला मूर्ख कोण म्हणेल? त्याच्या कवटीच्या आतल्या पोकळीचाही २०१६ मध्ये अभ्यास झाला. अंगाच्या मानाने मेंदू इतर कबुतरांएवढाच, आणि वास घेणारा भाग उलट मोठा.

मग तो खलाशांपुढे चालत का आला? आला असणारच. मॉरिशसच्या उत्तरेला असलेल्या राउंड आयलंड या छोट्या बेटावर मी डबा उघडून बसले की टेलफेअर स्किंक नावाचे हातभर लांब सरडेवजा प्राणी चारही बाजूंनी येत. एकाने माझ्या पायाचं बोट भाकरीचा तुकडा समजून चावून पाहिलं होतं. त्यांना भीती वाटत नाही, कारण भीतीलाही किंमत असते. दर सळसळीला पळणारा प्राणी तेवढा वेळ खात नाही, पिल्लांजवळ बसत नाही. जिथे लाखो वर्षं मागे लागणारं कोणी नव्हतं तिथे घाबरट प्राणी उपाशी राहिला आणि निवांत प्राणी वाढला. तुमच्या लेकीचा तिसरा प्रश्न हाच होता.

‘खाऊन संपवला’ हेही तपासून घ्यावं लागेल. डच जहाजं १५९८ मध्ये आली. डोडो शेवटचा पाहिल्याची सर्वसाधारण मान्य नोंद १६६२ ची, तीही किनाऱ्यालगतच्या एका छोट्या बेटावरची. मधल्या काळात बेटावर माणसं मूठभर. खलाशांनी डोडो मारले, याच्या नोंदी आहेत. पण डचांच्या फ्रेडरिक हेंड्रिक किल्ल्याचं उत्खनन झालं तेव्हा स्वयंपाकाच्या कचऱ्यात डुकरं, शेळ्या, गाई, मासे यांची हाडं निघाली. डोडोचं हाड मिळालं नाही. जहाजातून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी खरा घोटाळा केला. जमिनीवरचं घरटं, आणि जुन्या वर्णनानुसार त्यात एकच अंडं. मोठा डोडो चोचीने उंदराला हाकलेलही, पण अंडं उघडं पडायला किती वेळ लागतो? वीस-तीस वर्षं पिल्लंच वाढली नाहीत की म्हातारे पक्षी फिरत राहतात आणि वंश आधीच संपलेला असतो. आमच्या कामात हेच सगळ्यात फसवं असतं: पक्षी दिसतोय म्हणून आपण खूश, आणि घरटी मात्र रिकामी.

एक आपल्या इकडची गोष्ट. जिवंत डोडो भारतात आला होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२८ च्या सुमारास सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय, आणि जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या हातचं मानलं जाणारं डोडोचं चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. युरोपातल्या चित्रांत डोडो पिंपासारखा दिसतो. मन्सूरचा डोडो त्यामानाने सडपातळ आहे. पिंजऱ्यात खायला घालून लठ्ठ केलेले पक्षी किंवा पेंढा भरलेली कातडी बघून काढलेल्या चित्रांनी त्याची ‘ढोल्या बावळट’ अशी प्रतिमा केली, असं मला वाटतं.

आता जरा अवघड भाग. मॉरिशसमध्ये फिरताना तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. साळुंकी ओरडेल, शिपाई बुलबुल तारेवर बसलेला असेल, आपला कंठवाला पोपट पेरूवर असेल, कुंपणावर सरडा मान हलवत असेल, रस्त्यातून मुंगूस पळेल. यातलं कोणीही तिथलं नाही. साळुंकी १७६२ मध्ये टोळ खायला भारतातून नेली. बुलबुल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मुंगूस १९०० मध्ये उंदरांवर सोडलं; त्याने उंदीर खाल्ले, आणि जमिनीवर उतरणारे पक्षीही खाल्ले. लहानपणी आम्ही ‘मुंगसा मुंगसा, तोंड दाखव’ म्हणत बांधावर त्याच्या मागे धावायचो. दिसलं तर दिवस चांगला. मॉरिशसमध्ये माझ्या पहिल्या सापळ्यात तेच तोंड दिसलं आणि मला त्याचं पुढे काय करायचं हे माहीत होतं. ते काम मी केलं, नंतरही केलं. सवय झाली असं म्हणणार नाही.

उलट दिशेनेही माल आला आहे. मराठवाड्यात सोयाबीनची रोपं फस्त करणारी शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेतली. ती १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याच्या एका बागेत आली. एका हौशी माणसाने आणून सोडली. मॉरिशसमध्ये तिच्या बंदोबस्ताला पुढे दुसरी, मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने बेटावरच्या मूळच्या छोट्या गोगलगायींनाच लक्ष्य केलं.

सगळ्याच बेटांवर असंच घडतं का? नाही, आणि इथे ठाम बोलणाऱ्यांपासून मी चार हात दूर राहते. बेट किती लांब, किती जुनं, किती उंच, त्यावर पाऊस किती, माणूस कधी पोचला, उंदीर पोचला की नाही, या सगळ्यावर अवलंबून असतं. अंदमानातलं नारकोंडम घ्या. तेही ज्वालामुखीचं, जेमतेम सात चौरस किलोमीटरचं. तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. आपल्या चिपळूण-संगमेश्वरकडे दिसणाऱ्या धनेशाचा तो लांबचा भाऊबंद. पण त्याने उडणं सोडलेलं नाही, आकार फुगवलेला नाही. फळझाडांनी भरलेल्या त्या इवल्याशा रानात तो हजाराच्या आसपास संख्येने दाटीवाटीने राहतो. तिथेही पोलीस चौकीसाठी शेळ्या नेल्या होत्या, रानाची रोपं खाल्ली जायला लागली तेव्हा त्या काढल्या. म्हणजे ‘बेट म्हणजे न उडणारे महाकाय प्राणी’ हे सूत्र नाही. कोण आलं आणि कोण नाही, हे प्रत्येक बेटाला वेगळं विचारायला लागतं.

सुंदर गोष्ट खरीच असेल असंही नाही. तुमचा गाईड नक्की सांगेल की तांबालाकोक नावाचं झाड डोडोशिवाय रुजतच नाही, बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय फुटत नाही. हे झाड चिकू-बकुळीच्या कुळातलं, बी दगडासारखं. १९७७ मध्ये ही कल्पना मांडली गेली, टर्की पक्ष्यांना बिया खाऊ घालून तीन रुजवूनही दाखवल्या. जगभर गाजली. पण नंतर डोडो गेल्यानंतरच्या काळातली झाडं सापडली, आणि पोटातून न जाताही बी रुजतं हे दिसलं. झाड अडचणीत आहे ते माकडं कच्ची फळं तोडतात, डुकरं आणि हरणं रोपं संपवतात, बाहेरून आलेलं तण उजेड खातं म्हणून. गोष्ट म्हणून डोडोची आवृत्ती छान आहे. उपाय करताना मात्र ती घात करते. तण उपटायचं सोडून माणूस टर्की शोधत बसतो.

तण म्हणजे मुख्यतः चिनी पेरू. छोटा, लाल, गोड. बुलबुल आणि माकडं तो खातात आणि सगळीकडे पेरतात. मॉरिशसचं चांगल्या स्थितीतलं मूळ रान आता जेमतेम दोन टक्के उरलंय, आणि त्यातही पेरू घुसलेला आहे. कुंपण घालून तो मुळासकट काढला की दोन-तीन पावसाळ्यांत खालून एबनीची रोपं डोकं काढतात. एबनी आपल्या तेंदू-टेंभुर्णीचा भाऊ. त्याच्या काळ्या लाकडासाठी डचांनी रान तोडलं. इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर एक प्रयोग झाला तो मला फार आवडतो. मॉरिशसची मूळ कासवं संपलेली, म्हणून २००० सालापासून अल्डाब्राची कासवं तिथे आणली. त्यांनी एबनीची फळं खाल्ली, बिया बेटभर टाकल्या, आणि जिथे मोठी झाडं तोडली गेली होती तिथे एबनी पुन्हा उगवायला लागला. एवढं संथ जनावर, पण माझ्यापेक्षा चांगलं रोपण करतं. मजुरी मागत नाही.

पक्ष्यांचंही ऐका, नाहीतर लेक रडवेली होईल. मॉरिशसचा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरला होता. शेतीला आणि मलेरियासाठी मारलेलं डीडीटी, तुटलेलं रान, माकडं, मुंगसं. पंख आखूड आणि गोलसर, आपल्या शिक्र्यासारखे, कारण याला झाडीच्या आत वळणं घेत पाली पकडायच्या असतात. कार्ल जोन्स हा वेल्समधला तरुण १९७९ मध्ये तिथे गेला. युक्ती साधी: पहिली अंडी उचलायची, म्हणजे मादी पुन्हा घालते, उचललेली यंत्रात उबवायची, पिल्लं हाताने वाढवायची, रानात सोडून काही दिवस पांढरे उंदीर पुरवायचे. आज ससाणे काही शेकड्यांत आहेत, आणि तरीही काळजी संपलेली नाही. मधे संख्या पुन्हा घसरली. गुलाबी कबुतर १९९० च्या आसपास दहाच्या आत-बाहेर होतं, आता काहीशे. तिथला मूळचा पोपट डझनभर उरला होता, तोही आता काहीशे आहे. त्याच्या मागे आता चोचीचा आणि पिसांचा एक विषाणू लागलाय.

सगळं गोड नाही. फळं खाणारी वटवाघळं आणि लिचीची झाडं यांचं भांडण तिथे मोठं आहे. माझी घरमालकीण मराठी होती, चार-पाच पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून ऊसमजूर म्हणून गेलेल्यांच्या घरातली. बोलणं क्रेओल या तिथल्या बोलीत, पण गणपती दणक्यात. अंगणात एकच लिची. नोव्हेंबरात रात्री वटवाघळं आली की ती पत्र्याचा डबा वाजवायची आणि सकाळी मला म्हणायची, “तुझ्या लेकरांनी बघ काय केलंय.” सरकारने २०१५ पासून हजारोंच्या संख्येने वटवाघळं मारली, आणि २०१८ मध्ये ती जात धोक्याच्या वरच्या पायरीवर गेली. मी मारण्याच्या विरोधात होते आणि आहे, कारण रानातल्या किती तरी झाडांच्या बिया तीच पेरतात. पण घरमालकीण आजींचा राग खोटा नव्हता. शेवटी आम्ही दोघींनी मिळून झाडाला जाळी घातली. त्या वर्षी लिची पोटभर मिळाली. बांबू, शिडी आणि दोन माणसं लागली. पन्नास झाडांच्या बागेला हे जमेल का, तर खर्चावर अवलंबून आहे.

तर लेकीला थोडक्यात असं सांगा: बेट समुद्रातून वर आलं, मोजकेच प्राणी पोचले, जे पोचले त्यांनी न आलेल्यांची कामं उचलली, आणि कोणाला घाबरायचं कारण नव्हतं म्हणून ते घाबरले नाहीत. मग आधी न आलेल्यांपैकी बरेच जण माणसाच्या जहाजांतून उतरले.

आता प्रवासाचं. इल ओ एग्रेतला गाईडबरोबर जरूर जा, कासवं आणि गुलाबी कबुतर तिथे सहज दिसतं. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानात सकाळी लवकर जा. डोडोची हाडं पहिल्यांदा मोठ्या संख्येने १८६५ मध्ये सापडली ती मार ओ सोंज या दलदलीत, तुमचं विमान उतरेल तिथून जवळच. सोंज म्हणजे क्रेओलमध्ये अळू. अळूचं तळं! एकाच डोडोचा जवळजवळ पूर्ण सांगाडा पोर्ट लुईच्या संग्रहालयात आहे. तो शोधला एत्येन तिरियू या न्हाव्याने, फावल्या वेळात डोंगर धुंडाळून. जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे का ते विचारून घ्या.

एक विनंती. निघण्याआधी बूट खरवडून धुवा. राउंड आयलंडवर जाण्याआधी आमची बॅग बंद खोलीत रिकामी करून शिवण न् शिवण तपासत. त्या दोन चौरस किलोमीटरवर उंदीर कधीच पोचला नाही, म्हणून ही सगळी सोवळी. पहिल्याच फेरीत माझ्या बुटाच्या लेसमध्ये एक कुसळ सापडलं. वाईच्या माळावरचं, सुट्टीत घरी गेले होते तेव्हाचं. तपासणाऱ्या पोरीने चिमट्याने ते उचलून माझ्यासमोर धरलं, काही बोलली नाही. मी वीस मिनिटं लेस विंचरत बसले.

त्या बेटाची एक खूण तुमच्याकडे बहुधा आधीच आहे. सोसायटीच्या फाटकाशी किंवा एखाद्या मंगल कार्यालयापुढे बुटका, बुंध्याशी बाटलीसारखा फुगलेला पाम असतो ना, तो बॉटल पाम राउंड आयलंडचा. शेळ्या आणि सशांनी तिथे रोपं खाऊन टाकली, आणि रानातली मूळची झाडं दहाच्या आत उरली होती; शेळ्या १९७९ पर्यंत आणि ससे १९८६ मध्ये काढल्यावर नवी यायला लागली. निघण्याआधी लेकीला घेऊन जा आणि तो दाखवा. नीट बघा मात्र: रॉयल पामही फुगतो, पण तो उंच असतो आणि मधेच फुगतो. बॉटल पामची ढेरी जमिनीलगत असते.